गिऱ्हाईक बघून जातं, परत येत नाही

वाचकाचं पत्र

कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, गंगावेशीपासून चालत पाच मिनिटांवर आमचं दुमजली घर आहे. आजोबा शाहू मिलमध्ये कामाला होते, त्यांनी 1961 साली ते स्वतःच्या कमाईतून विकत घेतलं. आजोबा 1978 ला गेले, मागून आजी गेली, वडील 2017 ला गेले. कुणीच मृत्युपत्र केलेलं नव्हतं. आई आता माझ्याकडे राजारामपुरीत असते. थोरला भाऊ अण्णा कळंब्याला फ्लॅटमध्ये राहतो, धाकटा पुण्याला. घर विकायला काढून दोन वर्षं झाली. आम्ही 80 लाख सांगतो. तिघा भावंडांना 25-25 आणि आईला 5, असा अण्णाने हिशोब केलाय. त्यातली तिसरा हिस्सा रक्कम त्याला रोख पाहिजे. येणारी माणसं 50-55 वर अडतात, नाहीतर ‘घरात विचारून सांगतो’ म्हणून जातात ती जातातच. एजंट म्हणतो, घर जुनं आहे, दक्षिणेला तोंड आहे, गल्लीत चारचाकी शिरत नाही. 2019 च्या पुरात सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, गुडघाभर पाणी होतं, ते कुणाला सांगू नका असंही तो म्हणतो. अण्णाचं मत, रंग काढूया आणि वास्तुशांत करूया. दोन आत्या होत्या, पण त्यांची लग्नं होऊन पन्नास वर्षं झाली, त्यांचं काही नाही. थोरली गडहिंग्लजची, ती वारली. धाकटी कागलला असते. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे, पण घरफाळा वडिलांच्या नावाने येतो आणि आम्ही तो वेळच्या वेळी भरतो. किंमत कमी करावी का, आणि किती?

— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर

ताई, पत्राच्या शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय की प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचंच नाव आहे. मी तिथूनच सुरुवात करते, कारण रंग, दिशा आणि गल्लीची रुंदी हे सगळं त्याच्यापुढे किरकोळ आहे.

पेठेतलं जुनं घर घेतं कोण? बाहेरून आलेला माणूस सहसा घेत नाही. त्याला पार्किंग हवं असतं, लिफ्ट हवी असते. पेठेतलं घर पेठेतलाच माणूस घेतो. दोन भावांचे संसार एका घरात मावेनात, पण तालीम सोडायची नाही, म्हातारीला अंबाबाईच्या देवळात चालत जाता आलं पाहिजे, असं एखादं कुटुंब. किंवा ज्याची भिंत तुमच्या भिंतीला लागून आहे तो शेजारी. ही माणसं नोकरदार असतात, छोटे दुकानदार असतात. थोडी पुंजी जमलेली असते, उरलेल्यासाठी बँकेत जातात. बँकेचा वकील पहिल्याच दिवशी प्रॉपर्टी कार्ड मागतो, मागच्या तीस वर्षांच्या मालकीच्या नोंदींचा सर्च काढतो, आणि त्याला दिसतं की 1978 साली वारलेल्या माणसाच्या नावावरचं घर त्याची नातवंडं विकायला निघाली आहेत. फाइल तिथेच मिटते. ‘घरात विचारून सांगतो’ म्हणून गेलेल्यांपैकी बरेचजण घरात विचारायला नव्हे, बँकेत विचारायला गेले असणार.

मग उरतो कर्जाची गरज नसलेला माणूस. त्याला तुमची अडचण बरोबर कळते. वारसांचं झेंगट आपण निस्तरू, चार वर्षं थांबू, अशी त्याची तयारी असते आणि त्या तयारीचे पैसे तो तुमच्याच किमतीतून कापून घेतो. 50-55 हा भाव तुमच्या घराचा आहे असं मी मानत नाही. तो अर्धवट कागदांच्या घराचा भाव आहे.

आता आत्यांचं. ‘त्यांचं काही नाही’ हे वाक्य कोल्हापुरात घरोघरी ऐकू येतं, आणि बोलणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा पापही नसतं. पण कायदा वेगळं सांगतो, आणि आजचा नव्हे, 1956 पासूनचा. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे आजोबांची स्वकष्टार्जित मिळकत मृत्युपत्राशिवाय मागे राहिली, तर ती पत्नी, मुलगे आणि मुली यांच्यात सारखी वाटली जाते. लग्न झालेली मुलगी आणि न झालेली मुलगी असा भेद त्यात नाही. तेव्हा एक अडसर मात्र होता. राहत्या घराचं वाटप घरातले पुरुष वारस करत नाहीत तोवर मुलींना ते मागता येत नव्हतं. त्यामुळे हक्क असूनही हातात काही नाही, अशी स्थिती राहिली आणि ‘मुलींचं काही नसतं’ हा समज पक्का झाला. ते कलम 2005 च्या दुरुस्तीने गेलं.

तेव्हा हिशोब मांडून बघा. आजोबांनंतर आजी, तुमचे वडील आणि दोन आत्या असे चार वारस. आजी गेल्यावर तिचा वाटा या तिघांत गेला. म्हणजे वडिलांचा एक तृतीयांश, प्रत्येक आत्याचा एक तृतीयांश. थोरल्या आत्या वारल्या, तरी त्यांचा वाटा त्यांची मुलं आणि यजमान हयात असतील तर ते, यांच्याकडे जातो. वडिलांच्या तृतीयांशात आई, तुम्ही आणि दोघे भाऊ असे चारजण, सारखे. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमचा स्वतःचा वाटा घराचा बारावा हिस्सा. घर 80 लाखांना गेलं तरी तुम्हा चौघांकडे मिळून साडेसव्वीस लाखांच्या आसपास येतात, आणि अण्णांनी तर एकेका भावंडाला पंचवीस धरलेत. घरफाळ्याची पावती वडिलांच्या नावाची आहे, पण घरफाळा भरल्याने मालकी सिद्ध होत नाही. तो फक्त कर भरल्याचा पुरावा. वडिलांनी एवढी वर्षं घर सांभाळलं, कौलं बदलली, माडीच्या तुळया बदलल्या, याची कदर आत्यांनी करावी असं तुम्हाला वाटणं रास्त आहे. पण ती कदर त्यांनी करायची आहे, तुम्ही गृहीत धरायची नाही.

हे वाचून धसका घेऊ नका. वाट आहे, आणि ती माणसांतून जाते. धाकट्या आत्यांकडे कागलला जाल तेव्हा स्टॅम्पपेपर घेऊन जाऊ नका. आईंना घेऊन जा. घर विकायचं चाललंय, तुमचा त्यात हक्क आहे, तुमच्या मनात काय आहे, असं सरळ विचारा. साडीचोळी करून, चहा पिता पिता ‘जरा इथं सही करा’ म्हणण्याची रीत आपल्याकडे आहे आणि ती मला मनापासून नापसंत आहे. जिच्या बापाने ते घर घेतलं, जी त्याच सोप्यात खेळली, तिला काय सोडतोय हे न सांगता सोडायला लावणं हा अन्याय आहे. व्यवहार म्हणूनही तो कच्चा. उद्या आत्यांच्या मुलाने ‘आईला फसवून सही घेतली’ म्हणून दिवाणी कोर्टात दावा घातला, तर खरेदीदार, बँक आणि तुम्ही सगळेच अडकता.

आत्या आनंदाने हक्क सोडतील, काही रक्कम मागतील, किंवा पुरता वाटा मागतील. तिन्ही गोष्टींना तयार राहून जा. गडहिंग्लजच्या आतेभावंडांशीही हेच बोलणं. हक्क सोडायचा ठरला, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलं हवं. नोटरीसमोर केलेल्या कागदाला इथे किंमत नाही. आणि वाटा द्यायचा ठरला तर आणखी सोपं आहे. वेगळं हक्कसोडपत्र करायची गरजच नाही. खरेदीपत्रात तुम्हा चौघांच्या जोडीला आत्या आणि आतेभावंडं ‘लिहून देणार’ म्हणून सही करतील, आणि ज्याचा त्याचा चेक ज्याच्या त्याच्या खात्यावर जाईल. आत्यांना वयामुळे ऑफिसात येणं झेपत नसेल, तर निबंधकांनी घरी येऊन दस्त नोंदवायची सोय कायद्यात आहे, त्यासाठी अर्ज करा.

दस्ताच्या आधी वारस नोंद करायला घ्या. नगर भूमापन कार्यालयात आजोबा, आजी, वडील आणि थोरल्या आत्या या चौघांचे मृत्यूचे दाखले आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र देऊन अर्ज करायचा. सगळ्या वारसांना नोटिसा निघतात, कुणाची हरकत आली नाही तर कार्डावर नावं चढतात. प्रतिज्ञापत्रात आत्यांची नावं गाळून ‘लवकर उरकू’ असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. एक चांगला दिवाणी वकील गाठा आणि माझा हिशोबही त्याच्याकडून तपासून घ्या, कारण 1961 चं मूळ खरेदीखत मी पाहिलेलं नाही.

किमतीकडे येते. 80 हा आकडा घराकडे बघून निघालेला नाही. भावंडांच्या गरजांची बेरीज करून निघालाय. खरेदीदाराला त्या गरजांशी काही देणंघेणं नसतं. तो गल्लीतून आत येताना भाव ठरवत असतो, आणि त्याच्यामागे बँक उभी असते. समजा कागद स्वच्छ झाले आणि बँकेचा व्हॅल्युअर आला. जुन्या, लाकडी तुळयांच्या, कौलारू बांधकामाला तो फारसं मोल देत नाही, मुख्यतः जागेची किंमत धरतो. त्याने 60 लाख लिहिले असं धरू. 30 ते 75 लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या मूल्याच्या 80 टक्के आहे, म्हणजे कर्ज फार तर 48 लाख. तुम्ही 80 वर अडून बसलात, तर त्या माणसाने पदरचे 32 लाख आणायचे. त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फीचे 30,000, वकील, एजंट, शिवाय घर राहण्याजोगं करायचा खर्च. पेठेतल्या पगारदार माणसाजवळ एवढी रोकड कुठून असणार? तेच घर 62-63 ला मिळालं तर त्याला किमतीपोटी पदरचे 15 लाख पुरतात. घर तेच, पण ते घेऊ शकणाऱ्या माणसांची संख्या पुष्कळ वाढते.

व्हॅल्युअर नेमका किती लिहील हे मला इथे बसून सांगता येणार नाही, म्हणून तो खर्च तुम्हीच आधी करा. नोंदणीकृत मूल्यांककाकडून आजच्या किमतीचा अहवाल घ्या आणि त्याच फेरीत 1 एप्रिल 2001 रोजीच्या किमतीचाही घ्या. तो भांडवली नफ्याचा कर काढताना लागतो आणि बऱ्यापैकी कर वाचवतो. शिवाय नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर ई-सर्चमध्ये तुमच्या भागात झालेल्या खरेदीपत्रांची सूची क्रमांक 2, म्हणजे व्यवहाराचा गोषवारा, बघता येते. गल्लीतली घरं खरोखर कितीला गेली ते तिथे दिसतं. कट्ट्यावर ऐकलेला भाव आणि कागदावरचा भाव यात पुष्कळ अंतर असतं. गंगावेशीच्या रस्त्यावरचं, खाली दुकान काढता येणारं घर तुमच्या आतल्या घराशी तोलू नका. रस्ता किती रुंद आहे यावर पुढे किती मजले चढवता येतील हे ठरतं, आणि जागेची किंमत त्यावर ठरते.

अण्णांना रोख रक्कम हवी आहे, त्याबद्दल थोडक्यात आणि स्पष्ट लिहिते. 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम घराच्या व्यवहारात रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. त्याहून मोठं नुकसान म्हणजे कर्ज काढणारा माणूस एवढी रोख देऊच शकत नाही. कागदांमुळे जे गिऱ्हाईक आधीच कमी झालंय, ते अण्णांच्या या अटीमुळे आणखी कमी होतं.

पाण्याचं लपवू नका. शुक्रवार पेठेत घर बघायला आलेला कोल्हापूरकर पहिला प्रश्न ‘पाणी येतंय काय हितं?’ हाच विचारणार, आणि तुमच्या एजंटने ‘नाही’ म्हटलं तरी तो बाहेर पडल्यावर कोपऱ्यावरच्या पानपट्टीवाल्याला विचारणार. तिथे त्याला 2019 चं आणि 2021 चं दोन्ही ऐकायला मिळणार. त्या क्षणी घरापेक्षा तुमच्यावरचा विश्वास जातो आणि मग स्वच्छ कागदही संशयाने बघितले जातात. मिळकतीतला जो मोठा दोष खरेदीदाराला सहज दिसणारा नाही, तो सांगण्याची जबाबदारी मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेच विकणाऱ्यावर टाकली आहे. सोप्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसत असेल, तर रंग काढून ती बुजवू नका.

उलट, पाण्याबद्दल तुमच्याइतकी नेमकी माहिती कुणाकडे नसेल अशी तयारी करा. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघत असतं, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. शेजारच्या जुन्या माणसांना विचारा की बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाणी लागतं, किती झाले की पायरी बुडते, 1989 ला, 2005 ला, 2019 ला आणि 2021 ला ते कुठवर होतं, किती दिवस राहिलं, माडीवर सामान सुरक्षित होतं का. हे एका कागदावर लिहून काढा आणि गिऱ्हाईकाच्या हातात द्या. पेठेतला माणूस पाण्याला घाबरून पळत नाही. ते किती येतं हे कळलं की तो जोतं किती उचलायचं याचा हिशोब करतो. त्याच्या जोडीला महापालिकेच्या नगररचना विभागाकडून आपली मिळकत निळ्या पूररेषेत (नदीलगतची, वरचेवर येणाऱ्या पुराची) येते की लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची), की बाहेर आहे, हे लेखी घ्या. पाडून नवं बांधायचं असेल त्याच्यासाठी सगळं गणित तिथे आहे, कारण निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधनं आहेत. उत्तर तुमच्या विरोधात आलं तरी ते आत्ता कळलेलं बरं, विसार घेतल्यावर नको.

दक्षिणमुखी घराबद्दल मी तुमच्या श्रद्धेत पडत नाही. आईंची इच्छा असेल तर शांत जरूर करा. विक्रीसाठी मात्र तिच्यावर खर्च करू नका. ज्याला दिशा चालत नाही तो शांत केल्यावरही घेणार नाही, आणि ज्याला भाव पाडायचाय तो दिशेऐवजी दुसरं काही काढेल. रंगाचंही तेच. त्यापेक्षा परड्यातलं गवत काढा, माडीवरची ओल जिथून येते ती कौलं सारखी करून घ्या, आणि घर आठवड्यातून एकदा दिवसभर उघडं ठेवा. बंद घराचा कुबट वास माणूस पायरीवरच घेतो.

आणखी एक विचारते, कारण अशा घरांत हे हमखास आढळतं. एखाद्या खोलीला अण्णांचं किंवा धाकट्या भावाचं कुलूप आहे का? ‘ह्या खोलीत भावाचं सामान आहे, किल्ली त्याच्याकडं’ असं गिऱ्हाईकाला सांगितलं, की तो वाद आहे असंच समजतो. सामान हलवा. दारावरच्या फलकावर नंबर कुणाचा आहे तेही बघा. पुण्याच्या भावाचा असेल आणि तो मीटिंगमध्ये फोन उचलत नसेल, तर फलक असून नसल्यासारखा. नंबर तुमचा द्या, किल्ली तुमच्याकडे ठेवा. शेजाऱ्यांना घर विकायचंय हे एजंटमार्फत कळू देऊ नका, तुम्ही स्वतः त्यांच्याकडे जा. भिंतीला भिंत असलेल्या माणसाला तुमचं घर जेवढ्या उपयोगाचं आहे, तेवढं दुसऱ्या कुणालाच नाही. आणि एजंट बदला. पाणी लपवायला सांगणारा एजंट तुमच्यापासूनही काही लपवत असेल.

आईंच्या वाट्याबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही. तिघांना 25-25 आणि आईला 5, हे वाचून मला वाईट वाटलं. वडिलांच्या वाट्यात आईचा हक्क तुम्हा प्रत्येकाइतकाच आहे. तुमच्याकडे त्या सुखात असतील, तुम्ही काही कमी पडू देत नसाल, तरी पैसा त्यांच्या नावावर, त्यांच्या खात्यात आला पाहिजे. दवाखान्याला, देवाला, नातवंडांच्या हातावर ठेवायला त्यांना कुणाकडे मागावं लागू नये. अण्णांशी हे बोलणं तुम्हालाच करावं लागेल. तुम्ही पत्र लिहिलंत म्हणजे ते करण्याचं बळ तुमच्यात आहे असं मी समजते. जमलं तर तिघं भावंडं आईसमोर बसा आणि बाराव्या हिश्श्याचा हिशोब कागदावर मांडून दाखवा. अण्णांना फ्लॅटच्या हप्त्यांची चिंता असेल तर तीही तिथेच उघड बोलली जाऊ दे.

किंमत किती कमी करू, असं विचारलंत. आज एक रुपयाही करू नका. आत्ता उतरवलीत तर 50 वाला 45 वर येईल, कारण त्याचा भाव कागदांच्या घोळावर बेतलेला आहे आणि घोळ तसाच आहे. फलक काही महिने उतरवून ठेवा. कागलला जाऊन या, गडहिंग्लजला जाऊन या, वारस नोंदीचा अर्ज टाका, मूल्यांककाचा अहवाल आणि पूररेषेचं उत्तर हातात घ्या. कार्डावर सगळ्यांची नावं चढली, की अहवालातल्या आकड्यावर घासाघीस करायला थोडी जागा ठेवून नवा भाव सांगा, आणि पहिला फोन शेजाऱ्यांना करा.